तीन आपल्याच जाळ्यात

“मग सतरा वर्षांत गोल किती मारले तुम्ही?”

धैर्यशीलच्या आवाजात आदर कमी होता आणि राग जास्त.

एकमानसर बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होते. मान वर न करता म्हणाले, “चार.”

“फक्त चार?”

“हो. त्यातले तीन आपल्याच जाळ्यात.”

धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं. मी दुभाष्या. त्याला वाटलं, सांगताना माझंच काहीतरी चुकलं. मी मान हलवली. बरोबरच सांगितलं होतं.

सोमवारची सकाळ होती. सराव संपवून बाकीची पोरं घरी गेली होती. मैदानावर आम्ही तिघंच.

होकान एकमान हे स्वीडनचे. तिथल्या पहिल्या विभागात सतरा हंगाम खेळले. चारशे बारा सामने. देशाकडून नऊ. जागा कायम एकच, बचावाच्या मधोमध. छत्तिसाव्या वर्षी गुडघा ऐकेना, तेव्हा थांबले आणि ट्रकचे भाग करणाऱ्या एका कंपनीत ओतकामाची तपासणी करू लागले. त्याच कामासाठी ते कोल्हापूरला आमच्या फाउंड्रीत यायचे. मी तिथं क्वालिटी विभागात. एका रविवारी मी त्यांना मॅच बघायला नेलं. पंधरा हजार माणूस, झेंडे, ढोल, आणि प्रत्येक पेठेच्या तालमीचा आपापला संघ. ते दोन तास एक शब्द बोलले नाहीत.

नोकरीतून निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांचा मला मेल आला. एकच ओळ. ‘तुमच्या तालमीला प्रशिक्षक लागतो का?’

आमची सातविहीर तालीम. मी तिचा सेक्रेटरी. लागतो म्हणून कळवलं.

इंग्रजी ते बोलायचेच. शिवाय आमच्या मोल्डिंगच्या कामगारांकडून थोडं मराठी उचललेलं. त्यामुळं ‘बास’ आणि ‘चल की’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडी फार.

आणि धैर्यशील सरनोबत आमचा कर्णधार. पंचवीस वर्षांचा, सहा फूट उंच. दुचाकीच्या शोरूममध्ये कामाला होता, पण गाव त्याला ओळखायचं ते बचावातला खांब म्हणून. तीन हंगाम त्याच्या बाजूनं कुणी सहज गेलं नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आला की तो त्याला विचारायचा, “वाट चुकलास काय रे?”

रविवारी उपांत्य सामना होता. दगडी वेस मंडळाशी. आम्ही एका गोलनं पुढं. साठाव्या मिनिटाला चेंडू धैर्यशीलच्या छातीवर आला. जवळपास कुणी नव्हतं. त्यानं तो आरामात खाली घेतला आणि मागं न बघता, टाचेनं, आपल्या गोलकीपरकडं ढकलला. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून.

गोलकीपर सलीम मुजावर तेव्हा दुसऱ्या बाजूला सरकला होता.

चेंडू हळूहळू जाळ्यात गेला. इतका हळू, की अख्ख्या स्टेडियमला तो जाताना बघायला सवड मिळाली.

सामना एक-एक असा सुटला. या स्पर्धेत टायब्रेकर नाही. बरोबरी झाली की सामना पुन्हा. तो गुरुवारी, चार वाजता.

सोमवारी उजाडायच्या आत दगडी वेशीच्या चौकात डिजिटल बोर्ड लागला. आठ बाय दहा फुटांचा. धैर्यशीलचा काळा चष्मा घातलेला फोटो आणि खाली मजकूर, ‘आमचे बारावे खेळाडू मा. धैर्यशील सरनौबत यांचे हार्दिक आभार.’

त्याचा मैदानाला यायचा रस्ता त्याच चौकातून जातो. त्या दिवशी तो तीन गल्ल्या फिरून आला.

“सर, मला फॉरवर्डला खेळवा,” तो म्हणाला. “गुरुवारपासनंच.”

“का?”

“फॉरवर्ड दहा चान्स घालवतो. अकरावा बसला की लोक खांद्यावर घेतात. आम्ही दहा अडवतो, एक सुटला की बोर्ड लागतो. ह्यात काय मजा आहे?”

सरांनी बूट काढून बाजूला ठेवले. पाय मोकळे केले. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेच्या लांब खुणा.

“रविवारी तुझा सेल्फ गोल साठाव्या मिनिटाला,” ते म्हणाले. “मॅच नव्वदची. उरलेली तीस मिनिटं. त्यात तू सलीमकडं चेंडू किती वेळा मागितलास?”

“आठवत नाही.”

“मला आठवतं. एकदाही नाही.”

“मी त्यांच्या नऊ नंबरला मार्क करत होतो,” धैर्यशील म्हणाला.

सर हसले. टोचून नाही. ओळखीचा माणूस भेटावा तसे.

“लपायला मैदानात झाड लागत नाही,” ते म्हणाले. “समोरच्या फॉरवर्डच्या मागं उभं राहायचं. मग गोलकीपरला तुझ्याकडं चेंडू देता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, पोरगा काय चिकटून खेळतोय!”

धैर्यशीलचे कान लाल झाले.

“हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“मी एक तास तसा उभा होतो.”

मग त्यांनी सांगितलं. ते इंग्रजीत बोलत होते आणि मी मराठीत सांगत होतो.

त्यांचं गाव स्वीडनच्या उत्तरेला. नदीकाठी एक लाकडाची गिरणी आणि गिरणीभोवती गाव. वडील गिरणीत. हिवाळ्यात मैदान बर्फाखाली जायचं, तेव्हा पोरं लाकडाच्या भुश्शावर खेळायची. त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव अल्गोत. तो तरुणपणी नदीतून ओंडके वाहून न्यायचा. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर उभं राहून.

एकोणिसाव्या वर्षी सरांना वरच्या विभागातला पहिला सामना मिळाला. गावातून दोन बस भरून माणसं आली. तिसाव्या मिनिटाला एक साधा क्रॉस त्यांच्या टाचेला लागला आणि आपल्याच जाळ्यात गेला.

“मग?”

“मग मी त्यांच्या नऊ नंबरला मार्क केलं,” सर म्हणाले. “एक तास.”

धैर्यशील जमिनीकडं बघू लागला.

“सामना संपल्यावर अल्गोत आला. मला वाटलं, गोलाबद्दल बोलेल. तो म्हणाला, गोल दिसला मला. त्यानंतर तू कुठं होतास? मी सगळीकडं शोधलं.”

“एवढंच म्हणाला?”

“एवढंच. मग बसमध्ये जाऊन झोपला.”

“आणि दुसरा गोल?”

दुसरा सत्ताविसाव्या वर्षी. तोवर ते नावाजलेले होते. हंगामाचा शेवटचा सामना. बरोबरी राहिली तर क्लब वरच्या विभागात टिकणार, हरला तर खाली जाणार. चार मिनिटं उरलेली. कॉर्नरचा चेंडू उंच आला. सर सगळ्यांच्या वर उडाले आणि डोक्यानं मारला. चेंडू खांबाला लागून आत.

क्लब खाली गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“लोक काय म्हणाले?” धैर्यशीलनं विचारलं.

“काही नाही. आमच्याकडं लोक बोर्ड लावत नाहीत. बोलायचं बंद करतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीत सामान भरलं. सासुरवाडी दूर होती. तिथं महिनाभर राहायचं ठरवलं. बायको मारेता दारात उभी राहिली. म्हणाली, “जाऊ. पण घरात पाव नाही. आधी पाव आण.”

बेकरी दोन रस्ते सोडून. ते चालत गेले. आत आठ माणसं रांगेत होती. ते शिरले आणि बोलणं थांबलं. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तर पाठ फिरवली. आपला नंबर येईपर्यंत ते तिथंच उभे राहिले. काउंटरवरच्या बाईंनी पाव बांधून दिला आणि विचारलं, “उद्यालाही ठेवू का?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“ठेवा म्हणालो.”

गाडीतलं सामान परत घरात गेलं. जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबानं त्याच आठवड्यात त्यांना बोलावलं होतं. ते गेले नाहीत. वर्षभर रोज त्या बेकरीत गेले. खालच्या विभागातले सामने खेळले, चिखलाच्या मैदानांवर, तीनशे माणसांसमोर. पुढच्या हंगामाअखेर क्लब परत वर आला. तेव्हा कर्णधार तेच होते.

धैर्यशील एकदम म्हणाला, “पण सर, तुम्ही तो क्लब वर आणलात, म्हणून ही गोष्ट आज सांगताय. नसता आणला तर?”

हे सांगताना मी जरा कचरलो. पण सरांना प्रश्न आवडला. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

“म्हणून तिसरा ऐक.”

तिसरा पस्तिसाव्या वर्षी. शेवटच्या हंगामाच्या आदल्या वर्षी. देशातल्या सगळ्यात मोठ्या संघाशी सामना, त्यांच्याच मैदानावर. पाचव्या मिनिटाला समोरच्यानं जोरात मारलेला चेंडू सरांच्या नडगीवर आदळून जाळ्यात गेला. तीस हजार माणूस हसलं.

“मग?”

“गोलकीपर तरणा होता. घाबरलेला. पुढचा चेंडू त्याच्या हातात आला, तेव्हा मी गोलसमोरच्या डीच्या कोपऱ्यात गेलो आणि हात वर केला. म्हणालो, मला दे.”

“दिला?”

“नाही. लांब मारला. पुढच्या वेळी मी परत हात वर केला. परत लांब मारला. तिसऱ्या वेळी दिला.” त्यांनी बोट उचललं. “मग पंच्याऐंशी मिनिटं मी खेळलो. तसा मी कधीच खेळलो नव्हतो. त्यांचा फॉरवर्ड देशातला पहिला. त्याला एक शॉट घेता आला नाही. एक नाही. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली मॅच.”

“जिंकलात?”

“एक-शून्यनं हरलो.”

धैर्यशील त्यांच्याकडं बघतच राहिला. मग माझ्याकडं.

“अण्णा, नीट विचारा. सगळ्यात चांगली मॅच?”

मी विचारलं. सरांनी मराठीतच उत्तर दिलं. “व्हय.”

“हरलेली? आणि गोल तुमचाच?”

“व्हय.”

“मला नाही पटत,” धैर्यशील उठला. “माफ करा सर, खरं मला नाही पटत. तुमचं ठीक आहे. तुमचं सगळं खेळून झालंय. इथं माझ्या नावाचा बोर्ड आहे चौकात. आईनं सकाळी दूध आणायला दुसरीकडून जायचं ठरवलं. मला नाही घ्यायची असली मजा. मला फॉरवर्डला टाका, नाहीतर गुरुवारी मला धरू नका.”

सरांनी चपला घातल्या. पिशवी खांद्याला लावली.

“चल की,” ते म्हणाले.

“कुठं?”

“चहा.”

“कुठल्या गाड्यावर?”

“दगडी वेस.”

धैर्यशील जागचा हलला नाही. सर चालू लागले. फाटकापाशी पोचले, तरी त्यांनी मागं बघितलं नाही. धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं, मी आकाशाकडं. शेवटी त्यानं एक शिवी घातली, कुणाला ते कळलं नाही, आणि त्यांच्या मागं निघाला.

चौकात साडेनऊची वर्दळ होती. बोर्डाच्या बरोबर खाली चहाचा गाडा. सरांनी तीन चहा सांगितले. मग कप हातात घेऊन ते बोर्डासमोर उभे राहिले आणि एकेक अक्षर लावून वाचू लागले. आमच्या कामगारांनी त्यांना अक्षरंही शिकवली होती.

“आ...म...चे. आमचे. बा...रा...वे...”

“सर, मोठ्यानं नको.”

“खे...ळा...डू.” त्यांनी मान तिरकी करून फोटो न्याहाळला. “फोटो चांगला आहे.”

चहावाला दगडी वेशीचाच. त्याचं चहा गाळायचं थांबलं. दोन मोटरसायकली कडेला लागल्या. मग आणखी दोन. एकानं मोबाइल काढला.

“काय कॅप्टन,” त्यातला एक म्हणाला, “दर्शनाला आलाय काय?”

हसू उठलं. धैर्यशील त्यांच्याकडं वळला. त्याचा जबडा आवळलेला मी बघितला. अंगानं तो त्या चौघांना पुरून उरला असता, हे त्यांनाही माहीत होतं. ते अर्धं पाऊल मागं सरकले.

“चला सर,” तो दातांतून म्हणाला.

“चहा गरम आहे,” सर म्हणाले आणि फुंकर घालू लागले.

धैर्यशील आधी रस्त्याकडं बघत होता, मग कपाकडं. मग त्यानं मान वर केली आणि स्वतःच्या त्या आठ बाय दहाच्या फोटोकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत.

“आडनाव चुकलंय,” तो म्हणाला.

“काय?”

“सरनौबत नाही. सरनोबत. एक मात्रा जास्त पडली तुमची.” त्यानं रिकामा कप गाड्यावर ठेवला. “बोर्ड लावायचा तर नीट लावा की. गुरुवारपर्यंत दुरुस्त करून घ्या. आणि मामा, अजून एक चहा. मोठ्या कपात.”

चहावालाच आधी हसला. मोटरसायकलवरचा पोरगाही हसला, पण या वेळी वेगळं. मोबाइल खिशात गेला.

दुसरा चहा धैर्यशीलनं सावकाश प्यायला. जाताना सरांनी फक्त विचारलं, “गुरुवारी कुठं खेळणार?”

“मागं,” धैर्यशील म्हणाला.

गुरुवारी स्टेडियम साडेतीनलाच भरलं. आमच्या बाजूला पिवळे झेंडे, समोर निळे. पहिल्यांदा चेंडू धैर्यशीलच्या पायात आला आणि समोरची अख्खी गॅलरी एका सुरात ओरडली, “मागं मार! मागं मार!”

त्यानं घाईनं पुढं मारला. बाहेर.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

चौदाव्या मिनिटाला त्यानं बाजूला दिलेला पास त्यांच्या नऊ नंबरनं मधेच उचलला. तो एकटाच पुढं, समोर सलीम. गोल.

निळी गॅलरी नाचू लागली. फटाक्यांची माळ लागली. आमच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, “त्याला बाहेर काढा!” आमचेच लोक. मी सरांकडं बघितलं. ते शेंगा सोलून खात होते.

“सर, बदली करायची?”

त्यांनी मला दोन शेंगा दिल्या.

मधून परत खेळ सुरू झाला. दोनेक मिनिटांनी त्यांचा एक शॉट सलीमनं पकडला. सलीम तिशीचा, वायरमन, घरी दोन लेकरं. चेंडू छातीशी धरून तो कुणाला द्यावा म्हणून बघत होता. धैर्यशील नऊ नंबरच्या मागं उभा होता. बरोबर मागं. फक्त त्याचं डोकं दिसत होतं.

सलीमनं लांब मारायला दोन पावलं घेतली.

तेवढ्यात धैर्यशील बाहेर आला. नऊ नंबरच्या मागून, डाव्या बाजूला, डीच्या कोपऱ्यात, मोकळ्या जागेत. हात वर.

“सलीमभाई! दे!”

सलीम थांबला. त्याच्याकडं बघितलं... आणि दिला.

“मागं मार! मागं मार!” गॅलरी उठून उभी राहिली.

धैर्यशीलनं चेंडू पायाखाली दाबला. नऊ नंबर त्याच्यावर धावून येत होता. धैर्यशीलनं मान वळवली, सलीमकडं नीट बघितलं आणि मागं मारला. सलीमच्या उजव्या पायात, हातानं ठेवावा तसा. लगेच चार पावलं सरकला आणि परत हात वर केला.

“दे!”

सलीमनं परत दिला. नऊ नंबर मधल्या मध्ये धावून दमला. गॅलरीतलं ओरडणं कुठंतरी विरलं. आमच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली. एकच. मग दहा. मग ढोल.

तिथून सामना फिरला, असं आता लोक सांगतात. सामना एवढ्या पटकन फिरत नाही. त्यानंतरही त्यांचा एक चेंडू आडव्या दांड्याला लागला, मध्यंतराला आम्ही मागंच होतो, आणि धैर्यशीलचा आणखी एक पास चुकला. पण पास चुकला की तो लगेच परत मागायचा. उधारी वसूल करायला आल्यासारखा नाही, घरच्या पंगतीत भाकरी मागावी तसा.

बावन्नाव्या मिनिटाला आमच्या अकरा नंबरनं बरोबरी केली. एक्काहत्तराव्याला त्यानंच दुसरा मारला. चेंडू तिथवर गेला तो धैर्यशीलच्या पायातून, पण तीन पास आधी, म्हणून कुणाच्या लक्षात राहिला नाही.

उरलेली एकोणीस मिनिटं दगडी वेस सगळी आमच्या अर्ध्यात. क्रॉसवर क्रॉस. मी घड्याळ बघणं सोडून दिलं. गंमत अशी की त्या एकोणीस मिनिटांत धैर्यशीलला धावताना मी फारसं बघितलं नाही. चेंडू जिथं यायचा, तिथं तो आधीच उभा असायचा. डोक्यानं काढायचा, पायानं थोपवायचा, शेजारच्याला नावानं हाक मारून द्यायचा. नऊ नंबर शेवटी पंचांशी भांडू लागला. एकदा तो चेंडू घेऊन अंगावर आला तेव्हा मला वाटलं, आता धैर्यशील त्याला वाट विचारणार. त्यानं काही विचारलं नाही. चेंडू काढून घेतला आणि चालू पडला.

शिट्टी झाली. दोन-एक.

लोक मैदानात घुसले. गुलाल उडाला. अकरा नंबरला खांद्यावर घेऊन फेरी निघाली. सगळी पेठ त्याच्या मागं. धैर्यशीलला कुणी उचललं नाही. कुणी अडवलंही नाही. तो गर्दीतून वाट काढत, चिखलानं माखलेला, आमच्या बाकाकडं आला.

सर उभे होते. शेंगांची टरफलं पिशवीत भरत होते.

“सर...”

“हं.”

“कसा खेळलो?”

हे सांगायला माझी गरज नव्हती. तरी मी सवयीनं सांगितलं.

सरांनी पिशवीचं तोंड बांधलं.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“तुला बघितलं नाही.”

धैर्यशीलचं तोंड उतरलं. माझंही. नव्वद मिनिटं हा माणूस माझ्या शेजारी बसून होता, मैदानावरनं नजर हलवली नव्हती.

“मग काय बघत होता तुम्ही?”

“सलीमला.”

सरांनी पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात छातीवर आणले आणि सावकाश घडी घातली.

“शेवटची दहा मिनिटं,” ते म्हणाले, “तो असा उभा होता. निवांत.”